चिनारच्या पानांसाठीं सहा दिवस



प्रवासावर बोलणारा मनुष्य पुष्कळ हिंडलेला असावा, अशी आपली अपेक्षा असणें साहजिक आहे. ती मीं आरंभींच दूर केलेली बरी. मी साताऱ्यांतील एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण झालों आणि शिक्षकी पेशांत शिरलों. पुढल्या पस्तीस वर्षांत माझा प्रवास मुलांच्या सहलींबरोबर प्रतापगड आणि महाबळेश्वर यांच्या पलीकडे फारसा गेला नाहीं. असें असूनहि आज मी आपणांशीं शरद ऋतूंतील एका लहानशा सहलीविषयीं बोलणार आहें. कारण ती सहल मीं दोनदां केली. पहिल्या खेपेस ती फसली आणि दुसऱ्या खेपेस साधली. दोन्ही खेपांना स्थळ तेंच होतें, झाडें तींच होतीं, आणि जाणारीं माणसेंहि तींच दोन होतीं. मग फरक कशानें पडला, हें सांगण्यासाठीं मीं आपला थोडा वेळ मागून घेतला आहे.

स्थळ होतें काश्मीर, आणि पाहावयाचें होतें तें चिनारच्या पानांचें रंग बदलणें.

या इच्छेचें मूळ शाळेंत आहे. "थंड प्रदेशांत शरद ऋतूंत झाडांचीं पानें पिवळीं व तांबडीं होऊन गळतात," हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, आपल्याकडे शरदांत तर सगळें हिरवेंगार असतें. मग पुस्तक खोटें कीं आपण खोटे?" मुलांच्या हंशांत तो प्रश्न बुडाला, पण माझ्या मनांतून गेला नाहीं.

तिचा प्रश्न रास्त होता. आपल्या सहा ऋतूंतील शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग या ऋतूचा आहे. त्यांत काशाचीं पांढरीं फुलें आहेत, हंस आहेत, निर्मळ चांदणें आहे, पिकून वांकलेली साळ आहे. रंगलेल्या पानांची पानगळ हा कांहीं त्या वर्णनाचा विषय नव्हे. आपल्याकडे पानगळीचा ऋतु शिशिर, आणि तिचें कारणहि निराळें. पावसाळ्यानंतर जमिनींतील ओल जसजशी आटत जाते, तसतशीं साग, पळस, पांगारा यांसारखीं झाडें पाण्याची काटकसर म्हणून आपलीं पानें टाकून देतात. काश्मीरमध्यें पानें गळतात तीं थंडीपायीं. दिवस लहान होऊं लागले कीं पुढें गोठण येणार याची झाडाला चाहूल लागते, आणि पानांतील उपयुक्त द्रव्यें तें आधींच खोडांत व फांद्यांत ओढून घेतें. काश्मिरी भाषेंत या ऋतूला 'हरुद' म्हणतात. तेव्हां पुस्तकहि खरें होतें आणि आपणहि खरे होतों. 'शरद' या एका नांवाखालीं दोन प्रदेशांतील दोन निराळे ऋतु एकत्र बांधले गेले होते, इतकेंच. हें उत्तर मीं त्या मुलीला दुसऱ्या दिवशीं दिलें. परंतु जें स्वतः पाहिलें नाहीं त्याविषयीं आपण बोललों, ही रुखरुख मागें राहिली.

निवृत्तीनंतर ती रुखरुख घालविण्याचें ठरविलें. २०२२ सालीं दसरा ५ ऑक्टोबरला होता. नवरात्र आटोपलें होतें. लक्ष्मीपूजन २४ तारखेला, म्हणजे मध्यें पुष्कळ अवकाश होता. मुलगा नातवंडांना घेऊन दिवाळीलाच यावयाचा होता. मधले दिवस मोकळे सांपडले म्हणून ७ ऑक्टोबरला मी आणि माझी पत्नी एका प्रवासी मंडळीबरोबर निघालों. आठ दिवसांत गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम आणि श्रीनगर अशीं चार स्थळें झालीं. जें पाहिलें तें सुंदर होतें यांत संशय नाहीं. परंतु चिनार हिरवे होते. आमच्या साताऱ्याच्या वडाइतके हिरवे. निशात बागेंत एका झाडाखालीं उभा राहून मी वर पाहत होतों, तेव्हां आमच्या मोटारीचा चालक हंसून म्हणाला, "मास्टरजी, आपण तीन आठवडे आधीं आलांत."

यांत प्रवासी मंडळीचा कांहींएक दोष नव्हता. त्यांनीं काश्मीर दाखविण्याचें वचन दिलें होतें आणि तें पाळलें. पानांविषयीं मीं त्यांना एका शब्दानेंहि विचारलें नव्हतें. तारीख मीं ठरविली ती आमच्या घरच्या सोयीनें; झाडाची सोय विचारावी हें मला सुचलेंच नाहीं.

त्या प्रवासांत आणखी एक गोष्ट घडली. दल सरोवराच्या कांठीं एका संध्याकाळीं मी पत्नीला म्हणालों, "पाणी पाहा कसें निळें दिसतें आहे!" ती म्हणाली, "मला तर राखेसारखें दिसतें." ती दमली असेल असें समजून मी गप्प बसलों. घरीं परतल्यावर तिला सुईंत दोरा ओंवतां येईना, तेव्हां डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु होता. वयपरत्वें डोळ्यांतील भिंग पिवळसर आणि धुरकट होत जातें, आणि त्यांतून निळा रंग नीट पोंचत नाहीं, असें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें. २०२३ च्या जानेवारींत एका डोळ्याची आणि फेब्रुवारींत दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्यावरील पट्टी निघाली त्या दिवशीं ती घरीं येऊन कपाट उघडून उभी राहिली आणि आपल्या साड्यांवरून हात फिरवीत एकेकीचा रंग मोठ्यानें म्हणूं लागली. एक साडी ती दोन वर्षें हिरवट म्हणून नेसत होती, ती चक्क निळी निघाली. त्या रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "अहो, आपण काश्मीरला जाऊन आलों खरें, पण मीं तें पाहिलें असें कांहीं मला म्हणवत नाहीं."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. निवृत्तिवेतनांतून दुसऱ्यांदां असा खर्च काढणें सोपें नव्हतें. त्या वर्षीं घर शाकारून घेण्यासाठीं थोडी रक्कम बाजूला ठेविली होती. ती आम्हीं प्रवासाकडे वळविली, आणि त्या पावसाळ्यांत माजघरांत दोन ठिकाणीं गळतीखालीं पातेलीं मांडलीं. यांत फार शहाणपणा होता असें मी म्हणत नाहीं. पण आमच्या वयांत कौलें एक वर्ष थांबूं शकतात; डोळ्यांचा आणि गुडघ्यांचा तसा भरंवसा देतां येत नाहीं.

या खेपेस मीं कागद घेऊन त्यावर दोन रकाने आंखले. एकावर लिहिलें 'पंचांग' आणि दुसऱ्यावर 'सूर्य'. आपले सण चंद्राच्या गतीवर चालतात, आणि अधिक मास आला कीं ते पुढें सरकतात. २०२२ सालीं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतें. २०२३ सालीं अधिक श्रावणामुळें तें १२ नोव्हेंबरला आलें. २०२६ सालीं अधिक ज्येष्ठामुळें तें ८ नोव्हेंबरला येतें. झाडाला अधिक मास ठाऊक नाहीं. तें दिवसाची लांबी ओळखतें, आणि ती लांबी दर वर्षीं त्या त्या तारखेला तीच असते. म्हणून "दिवाळीच्या सुटींत जाऊं" हा बेत एका वर्षीं बरोबर ठरतो आणि दुसऱ्या वर्षीं चुकतो. चिनारच्या रंगाचा काळ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांपर्यंत धरावा, आणि सुटी, सण, पाहुणे यांची मांडणी त्याच्याभोंवतीं करावी. २०२३ सालीं दिवाळी लांब गेल्यामुळें आमची अडचण आपोआप सुटली. २८ ऑक्टोबरला निघून २ नोव्हेंबरला परत, म्हणजे फराळाच्या तयारीलाहि आठवडा मिळत होता.

आतां तारीख इतकी ठरविल्यावरहि रंग मिळेलच असें कां म्हणतां येत नाहीं, तें पाहूं. पानांत हरितद्रव्य असतें, तसें एक पिवळें द्रव्यहि उन्हाळाभर असतेंच. हिरव्याच्या जोरापुढें तें दिसत नाहीं. दिवस लहान झाले कीं हरितद्रव्य मोडूं लागतें आणि हा लपलेला पिवळा उघडा पडतो. तांबड्याची गोष्ट निराळी आहे. तो बहुतेक त्या ऋतूंतच, पानांत अडकून राहिलेल्या साखरेच्या साहाय्यानें, नव्यानें तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्रीं थंडी, पण गोठण नाहीं, असे दिवस लागोपाठ लाभले तर तांबडा चांगला खुलतो. आभाळ सारखें भरलेलें राहिलें तर तो फिका पडतो. याच सुमारास देठाच्या बुडाशीं पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान तेथून सुटावयास तयार होतें. मग जोराचा एक पाऊस किंवा वारा पुरे. आठवडाभराचा रंग एका रात्रींत जमिनीवर येतो.

थोडक्यांत, रंगाचा आरंभ सूर्य ठरवितो. पण तो कसा उठेल आणि किती टिकेल हें त्या वर्षींची हवा ठरविते. ३ नोव्हेंबर २०१८ रोजीं आणि पुढल्याच वर्षीं ७ नोव्हेंबर २०१९ च्या सुमारास काश्मीर खोऱ्यांत वेळेआधींच मोठें बर्फ पडलें. झाडांवर पानें असतांनाच त्यांच्यावर बर्फाचा भार सांचला, फांद्या मोडल्या, आणि सफरचंदाच्या बागाइतदारांचें फार नुकसान झालें. असें वर्ष आपल्याहि वाट्यास येऊं शकतें, आणि त्यावर प्रवाशाजवळ उपाय नाहीं. मात्र लहानसहान पावसासाठीं एक तजवीज करतां येते. सहा दिवसांत एक दिवस अगदीं रिकामा ठेवावा. तो वायां गेला असें वाटूं देऊं नये. इतर पांच दिवसांचा तो विमा आहे.

तारखेनंतरचा निर्णय स्थळाचा. पहिल्या खेपेस आम्ही चार स्थळें हिंडलों आणि दिवसांतील निम्मा वेळ मोटारींत घालविला. या खेपेस मुक्काम एकाच ठिकाणीं, श्रीनगरला, ठेवण्याचें ठरलें. गुलमर्ग, सोनमर्ग यांसारख्या उंच जागीं देवदार आणि इतर सूचिपर्णी वृक्षांचें राज्य आहे, आणि ते बारा महिने हिरवे असतात. चिनार वाढतो तो खालीं, खोऱ्याच्या सपाटींत. श्रीनगरची उंची सुमारें ५२०० फूट आहे, म्हणजे आमच्या महाबळेश्वराहून थोडी अधिक. चिनारचा विस्तार जुन्या वडासारखा असतो, आणि पान हाताच्या पंजासारखें, पांच ते सात बोटांचें. १५८६ मध्यें काश्मीर अकबराच्या राज्यांत आलें, आणि त्यानंतर मोगलांनीं दलच्या भोंवतीं बागा उभ्या केल्या. शालिमार बाग जहांगिरानें १६१९ मध्यें आरंभिली. निशात बाग नूरजहानचा भाऊ आसफखान यानें १६३३ मध्यें केली. हजरतबलजवळची नसीम बाग ही तर जवळजवळ सर्वस्वीं चिनारांचीच आहे, आणि हल्लीं ती काश्मीर विद्यापीठाच्या आवारांत येते. मोगल येण्यापूर्वींहि चिनार तेथें होता. बडगाम जिल्ह्यांतील छत्तरगामचा एक चिनार १३७४ सालीं लाविलेला असल्याचें तेथील लोक सांगतात.

या बागा केव्हां पाहाव्या, हें मीं भूगोलाच्या शिक्षकाप्रमाणें नकाशा पुढें घेऊन ठरविलें. निशात आणि शालिमार सरोवराच्या पूर्व कांठावर, झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं आहेत. सकाळीं सूर्य त्या डोंगराआड असतो, आणि दुपारनंतर सरोवरावरून येणारें तिरपें ऊन थेट बागेंत शिरतें. नसीम बाग पश्चिम कांठावर आहे; तिला सकाळचें ऊन मिळतें. म्हणून सकाळीं नसीम आणि दुपारीं तीननंतर निशात, असा क्रम ठेविला. पान सुंदर दिसतें तें ऊन त्याच्या पाठीमागून येत असतां. डोक्यावरच्या उन्हांत तेंच पान नुसतें तपकिरी वाटतें.

जाण्याच्या व्यवस्थेविषयीं चार शब्द. आम्ही दुसऱ्या खेपेस गुडघ्यांच्या सोयीसाठीं मुंबईहून विमानानें गेलों. ६ जून २०२५ पासून मात्र कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत थेट आगगाडी जाऊं लागली, आणि तीन तासांच्या आंत-बाहेर तेथें पोंचतां येतें. त्या मार्गावर चिनाब नदीवरील पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. मुंबई-पुण्याहून जम्मूकडे जाणाऱ्या गाडींत दीड दिवसाच्या आसपास जातो, तेव्हां आगगाडीनें जाणाऱ्यांनीं सहाच्या ऐवजीं नऊ-दहा दिवसांची सवड ठेवावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधीं उघडतें. म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या प्रवासाचा विचार गणपतीच्या आसपास पक्का झालेला असावा. आपल्याकडचें प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्यें चालत नाहीं, पोस्टपेड चालतें. घरीं वृद्ध माणसें वाट पाहत असतील तर हें विसरूं नये. दुपारीं स्वेटर काढावासा वाटतो, पण रात्रीं तपमान तीन-चार अंशांपर्यंत उतरतें. जाड कपडा एक असण्यापेक्षां पातळ कपडे चार असावेत. आणि निघण्यापूर्वीं आठ दिवस, जेथें उतरावयाचें तेथील यजमानांना एकच प्रश्न विचारावा: पानें कोठवर आलीं? आमच्या घरमालकांनीं फोनवर सांगितलें होतें, "सफेदा पिवळा झाला, चिनार अर्धा झाला. या."

२८ ऑक्टोबरला दुपारीं आम्ही श्रीनगरला उतरलों. योगायोगानें तो कोजागिरीचा दिवस होता, आणि त्याच रात्रीं खंडग्रास चंद्रग्रहणहि होतें. वेध लागले म्हणून पत्नीनें दूध आटविलें नाहीं. शालींत गुंडाळून लांकडी सज्जांत बसून आम्हीं नुसता चंद्र पाहिला. आपला शरद आणि तेथील हरुद त्या रात्रीं एका ठिकाणीं आले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नसीम बागेंत गेलों. तेथें मला वर्णन करावयाचें कांहीं उरलें नाहीं, कारण तें काम पत्नीनें घेतलें. कपाटापुढें उभी राहून ती जशी साड्यांचे रंग म्हणत होती, तशीच ती एकेका झाडाखालीं थांबून म्हणूं लागली: "ही हळद. हा गूळ. हें केशर. ही वीट. हा कात." अर्धा तास तिनें हेंच केलें. मी मागून चालत होतों. मध्येंच एक म्हातारी बाई लांब झाडूनें पानें गोळा करून पोत्यांत भरतांना दिसली. तिचें बोलणें आम्हांला समजेना, तेव्हां जवळून जाणाऱ्या एका विद्यार्थ्यानें तें हिंदींत सांगितलें. हीं पानें धुमसत ठेवून त्यांचा कोळसा करावयाचा, आणि हिवाळाभर तो कांगडींत घालावयाचा. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलींत बसविलेली मातीची लहान शेगडी. तेथील लोक फेरनाखालीं ती पोटाशीं धरतात. धुराच्या त्रासामुळें पानें जाळण्याविरुद्ध सरकारी हुकूमहि निघालेले आहेत. पण त्या बाईचा हिवाळा त्या पोत्यांत होता. तें ऐकल्यावर पत्नीनें पानांच्या राशींतून चालणें बंद केलें आणि ती पायवाटेवर आली. पानें तुडवीत त्यांचा आवाज ऐकण्यांत मला मौज वाटत होती, मीहि मुकाट्यानें तिच्या मागें आलों. आम्ही ज्याला शोभा म्हणत होतों तें कोणाचें तरी सरपण होतें.

तिसऱ्या दिवशीं पाऊस आला, आणि आमचा रिकामा दिवस कामास आला. खिडकीशीं बसून मीठ घातलेला गुलाबी चहा प्यालों. तो मला आवडला नाहीं, तिला आवडला. चौथ्या दिवशीं आकाश धुतल्यासारखें स्वच्छ झालें. दुपारीं निशात बागेंत गेलों, तों कांहीं झाडें पावसानें निम्मीं रितीं केलीं होतीं, आणि उरलेलीं पानें ओलीं असल्यामुळें अधिकच पेटलीं होतीं. तेथें मीं तें झाड शोधून काढलें, ज्याच्याखालीं वर्षापूर्वीं मी निराश होऊन उभा होतों. सुमारें दोन तास आम्ही त्याच्यासमोरच्या दगडावर बसलों. पहिल्या खेपेस त्याच बागेला आम्हीं चाळीस मिनिटें दिलीं होतीं.

पांचव्या दिवशीं पांपूरला जाऊन केशराचीं शेतें पाहिलीं. केशराचा फुलोराहि याच सुमारास, थोडे दिवसच असतो. जांभळ्या फुलांतील तीन तांबडे तंतु म्हणजे केशर. एक किलो केशराला सुमारें दीड लाख फुलें लागतात, आणि तीं सगळीं हातानें खुडावीं लागतात. परत येतांना रस्त्याच्या दोहों बाजूंस सफेद्याच्या पिवळ्या रांगा होत्या. सहाव्या दिवशीं आम्ही घरीं निघालों.

आतां एका दुःखद गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळ बैसरन येथें अतिरेक्यांनीं २६ निरपराध माणसांना ठार केलें. त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील सहा जण होते. सुट्टींत, आपल्या माणसांसह, झाडें आणि डोंगर पाहावयास गेलेलीं तीं माणसें होतीं, आमच्यासारखींच. दुसऱ्या दिवशीं आमच्या श्रीनगरच्या घरमालकांचा फोन आला. "मास्टरजी, आपण आणि आपलीं माणसें सुखरूप आहांत ना?" एवढें विचारून ते पुढें बोलूं शकले नाहींत. म्हणून मी कोणाला "जा" असा आग्रह करणार नाहीं. जावयाचें कीं नाहीं हें प्रत्येकानें घरच्या मंडळींशीं बोलून ठरवावें. जाणाऱ्यानें सरकारी सूचना वाचाव्या, आणि कोणत्या बागा व स्थळें उघडीं आहेत तें आधीं विचारून घ्यावें. एवढें मात्र सांगतों कीं ज्यांनीं आम्हांला बोलावलें, पानें कोठवर आलीं तें कळविलें, आणि पावसांत चहा पाजला, त्यांच्याविषयीं माझ्या मनांत कृतज्ञतेवांचून दुसरें कांहीं नाहीं.

ज्यांना इतक्या दूर जाणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं शेवटीं एक गोष्ट. आमच्या शाळेच्या आवारांत देशी बदामाचें एक झाड होतें. पौष-माघांत त्याचीं पानें तांबडीं होत, आणि मधल्या सुटींत मुलें तीं गोळा करून नोटा म्हणून दुकान-दुकान खेळत. तो तांबडाहि चिनारच्या तांबड्याचाच भाऊबंद. माझ्या वर्गाच्या खिडकींतून तें झाड मला पस्तीस वर्षें दिसत होतें. थंड प्रदेशांतील पानांचा धडा शिकवितांना एकदांहि मीं मुलांना बाहेर नेऊन त्याच्याखालीं उभें केलें नाहीं. त्या मागच्या बाकावरील मुलीला हें झाड दाखविलें असतें, तर काश्मीरपर्यंत न जातां तिचें निम्में समाधान झालें असतें, आणि माझेंहि.

आपल्या गल्लींत, शाळेंत किंवा कचेरीच्या आवारांत देशी बदाम असेलच. येत्या पौषांत घरांतील मुलांना घेऊन त्याच्याखालीं जा. घरांत कोणा वडीलधाऱ्यांना तो रंग राखेसारखा दिसत असेल, तर ते दमले आहेत असें समजूं नका. त्यांचे डोळे एकदां तपासून घ्या.